अपडेट चालू आहे, लाइट बंद करू नका

लग्नाच्या चौथ्या वर्षी मी सासरच्या ओसरीत लग्नपत्रिका तयार करायचं काम सुरू केलं. गाव जाफराबाद तालुक्यातलं, आठवडी बाजाराचं. मराठी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा मी माहेरी जालन्याला असतानाच पास झाले होते, पण ती सर्टिफिकेटं ट्रंकेत घडी होऊन पडली होती. आमचे मालक तीर्थपुरीला शाळेवर मास्तर. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहिल्या एसटीने परत. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई.

कंप्युटर घ्यायचं डोकं मामांचं. जुन्या जालन्यातल्या एका दुकानातून त्यांनी आधी वापरलेला एक कंप्युटर आणला. बाकीचे डबे जीपच्या टपावर बांधले, पण मॉनिटर त्यांनी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. रस्त्यात खड्डा आला की ते तो दोन्ही हातांनी वर उचलून धरायचे. जालना ते आमचं गाव एवढ्या वाटेत त्यांनी तो इतक्या वेळा उचलला, की पुढचे आठ दिवस त्यांना भाकरीचा तुकडा मोडवत नव्हता.

काम असं चालायचं. मी मजकूर टाइप करायची, तो ट्रेसिंग पेपरवर छापायची आणि तो कागद दुपारच्या जीपने जाफराबादला पाठवायची. तिथे एक स्क्रीन प्रिंटिंगवाला होता, तो त्यावरून पत्रिका छापायचा. पण कागद जाण्याआधी मामांची तपासणी असे. मामा सातवी शिकलेले, अन् त्यांना मनात वाचता येत नसे. ते दारात उभे राहायचे, कागद हातभर लांब धरायचे आणि रस्त्याच्या पार टोकाच्या माणसाला आमंत्रण द्यावं अशा आवाजात वाचायचे. याचा फायदा असा, की चुका सगळी गल्ली काढायची. एकदा ते निमंत्रकांची नावं वाचत होते, तर समोरच्या गिरणीतून गिरणीवाला ओरडला, "ओ, तो नवरीचा मामा मागल्या सालीच वारला! त्याला कशाला उभं करून राह्यले?" मी ते नाव काढून कै. लावून वरच्या ओळीत नेलं.

मग आमच्या गावात टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं. दहावी-बारावीचे निकाल बघायला लोक आमच्याकडे यायला लागले म्हणून आम्हीही घेतलं. जोडून द्यायला जालन्याहून मेकॅनिक आला. तो सगळ्या तालुक्याचे कंप्युटर बघायचा आणि सीडींचा एक जाडजूड पाकीटवजा अल्बम काखेत घेऊन फिरायचा. जाताना त्याने कुठेतरी टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, आता कोपऱ्यात पिवळी ढाल दिसली तं समजा अपडेट आलं. त्याला फक्त हो म्हणायचं. अपडेट घेत राह्यलं तं मशीन जवान राहते."

मी हो म्हणत राहिले. पहिल्या अपडेटनंतर पडद्यावरची सगळी चित्रं बोराएवढी होती ती पेरवाएवढी झाली. दुसऱ्यानंतर प्रिंटर सगळ्या पत्रिका आडव्या छापायला लागला. तिसऱ्यानंतर मशीनचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं. मामांचा मशीनवर मनगटापेक्षा जास्त विश्वास. त्या दिवशी बारा वाजता ऊन डोक्यावर आलं असताना ते पडद्याकडे बघून म्हणाले, "साडेसहाच झालेत अजून. सकाळ लांबली आज." आणि त्यांनी दुसऱ्यांदा सकाळचा चहा मागितला. आत्याबाईंनी दिला नाही.

इथवर ठीक होतं. खरी गोष्ट घडली ती ऐन लग्नसराईत, एका गुरुवारी.

त्या दिवशी सकाळी नऊला नदीपलीकडच्या गावाहून एका नवरीचे वडील आले. उंच, शांत माणूस, खांद्यावर उपरणं. त्यांच्या मुलीची पत्रिका तयार होती, फक्त ट्रेसिंग पेपरवर छापायची बाकी होती. नेमका प्रिंटर अडला. मी म्हटलं, मशीन एकदा बंद करून चालू करते. बंदवर टिचकी मारली आणि सगळा पडदा निळा झाला. मधोमध इंग्रजीत ओळ आली. तिचा अर्थ असा : अपडेट चालू आहे, त्रेसष्टपैकी पहिलं. संगणक बंद करू नका, वायर काढू नका.

"किती टाइम लागंल?" नवरीच्या वडिलांनी विचारलं.

"थोडाच," मी म्हटलं. मला काय माहीत.

वीस मिनिटांनी पडद्यावर त्रेसष्टपैकी सात असा आकडा होता. तेव्हा माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. दहाला वीस कमी. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे दहा म्हणजे लोडशेडिंग. दहा ते दोन लाइट नाही म्हणजे नाही. मशीनखाली बॅटरीचा एक डबा होता, पण तो फार तर तीन मिनिटं चालायचा आणि तीही टिटवीसारखा ओरडत.

मी मेकॅनिकला फोन लावला. तो एसटीत होता, त्यामुळे ओरडून बोलत होता, आणि ते सगळं ओसरीभर ऐकू येत होतं. "ताई, मधीच लाइट गेली तं मशीन पुन्हा उठायची न्हाई! कायबी करा, पण लाइट जाऊ देऊ नका!"

मी हताश होऊन फोन ठेवला. मामा मात्र उठले, टोपी घातली, सायकल काढली आणि म्हणाले, "मी सबस्टेशनला जाऊन येतो."

सबस्टेशन गावाबाहेर, दीड किलोमीटरवर. तिथे जो ऑपरेटर बसायचा तो परगावचा, नवा, आमच्या घरच्यांना नीटसा न ओळखणारा. तिथे काय बोलणं झालं ते मामांनी मला नंतर गळ्याला हात लावून शब्द न् शब्द सांगितलं. ते असं :

मामा म्हणाले, "साहेब, आज दहाला लाइट काटू नका. घरी मशीनवर हाय."

ऑपरेटर उठून उभा राहिला. "कधीपासून?"

"नऊ वाजल्यापासून. सून जवळ बसून हाय. जालन्याचा माणूस फोनवर सांगून राह्यला, मधीच लाइट गेली तं पुन्हा उठायचं न्हाई."

"मंग जालन्यालाच न्यायचं ना!"

"नेता येत न्हाई ना साहेब. वायर काढली की खतम."

ऑपरेटरने विचारलं, "किती?"

"त्रेसष्ट," मामा म्हणाले.

"त्रेसष्ट म्हणजे काही वय न्हाई," ऑपरेटर म्हणाला आणि त्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "जा तुम्ही घरी. घरच्यांजवळ थांबा. माझ्याच्यानं होईल तितकं मी ओढतो."

मामांना वाटलं, त्रेसष्ट अपडेट म्हणजे फार वय नाही, म्हणजे फार वेळ नाही, असं तो म्हणतोय. परत येऊन ते मला म्हणाले, "फार भला माणूस. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. मशीनविषयी इतकी कळकळ मी कोणात पाह्यली न्हाई."

दहा वाजले आणि लाइट गेली नाही. पंखा फिरत राहिला. सव्वादहाला गल्लीतली माणसं बाहेर येऊन आपापल्या बल्बकडे बघायला लागली. गिरणीवाला तर बावरला. दहाला गिरणी थांबणार म्हणून त्याने दळण बेताचंच घेतलं होतं. त्याने सबस्टेशनला फोन लावून विचारलं, तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "तुमच्याच समोरच्या घरात पेशंट हाय आणि तुमाला खबर न्हाई?"

आता हे नीट सांगायला हवं, की आत्याबाई त्या दिवशी सकाळीच गावाच्या दुसऱ्या टोकाला पापड लाटायला गेल्या होत्या. गल्लीत कोणी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांचं वय साठीच्या पुढचं. मग दुसरं कोण मशीनवर असणार?

मी ओसरीत पडद्यासमोर कपाळाला हात लावून बसले होते. नवरीचे वडील बाजूला मान खाली घालून बसले होते, कारण त्यांना डुलकी लागली होती. इतक्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांनी चपला हलकेच काढल्या, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"कसं हाय आता?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

काकूंना कंप्युटरची इतकी काळजी असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "काय सांगू काकू. पंधरावर अडकलंय. हलून न्हाई राह्यलं."

"काही हालचाल?"

"मघाशी घरघर झाली जराशी. मग तीपण बंद."

"आन डोळ्याला काही दिसतं का?"

"न्हाई हो. सगळं निळंच्या निळं."

"अगं माय!" काकू मटकन खाली बसल्या. "निळं पडलं!"

त्या तशाच उठल्या आणि बाहेर गेल्या. पुढच्या अर्ध्या तासात आमच्या अंगणात वीस-पंचवीस बायामाणसं जमली. कोणी थर्मासात चहा आणला, कोणी ग्लुकोजची बिस्किटं. गिरणीवाल्याने गिरणी चालू ठेवली होती, पण आदर म्हणून दार लोटून घेतलं होतं. मला वाटलं, निकाल लागलाय की काय आज. मी आतूनच ओरडून सांगितलं, "आज काही बघता यायचं न्हाई, थांबावं लागंल!" त्यावर दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला.

आणि तेव्हा आत्याबाई आल्या.

डोक्यावर पापडाचं सूप घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि त्यांनी आपल्या दारात जमलेली गर्दी पाहिली. मामा सकाळी धडधाकट होते, पण म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा. आत्याबाईंनी तिथूनच हंबरडा फोडला, "अवं काय झालं वं माझ्या घरी!" आणि सूप घेऊन पळत सुटल्या. गर्दीने वळून बघितलं. जिच्यासाठी सगळे जमले होते, तीच रडत-ओरडत, डोक्यावर पापड घेऊन अंगावर धावून येत होती. काकूंच्या हातातला थर्मास पडला. दोघं जण भिंतीवर चढले. एका बाईने तर हात जोडून डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मामा मागच्या दाराने पाण्याची बादली घेऊन आले आणि म्हणाले, "काय गलका हाय? हळू बोला, अपडेट चालू हाय ना!"

आत्याबाईंनी मामांना जिवंत बघितलं आणि रडणं थांबवलं. गर्दीने आत्याबाईंना जिवंत बघितलं आणि बोलणं थांबवलं. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं.

मला सगळं उलगडून सांगायला दहा मिनिटं लागली. लोक हसले, पण सगळे नाही. बिस्किटवाल्या बाईने बिस्किटं परत नेली. आत्याबाई तर पार संतापल्या. मामांना म्हणाल्या, "मला मारलं तुमी! मशीन वाचवायला मला मारलं!"

"मी तुझं नाव घेतलंच न्हाई," मामा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"तेच म्हणून राह्यले मी! नाव घेतलं असतं तं जिवंत राह्यले असते!"

हे चालू असताना बाहेर मोटारसायकल थांबली. सबस्टेशनचा ऑपरेटर होता. ड्यूटी दुसऱ्याकडे देऊन तो पेशंटला बघायला आला होता, हातात डझनभर केळी. मामा पुढे झाले. ते खोटं बोलणारे नव्हते, त्यामुळे त्यांची मोठी पंचाईत झाली. त्यांनी त्याला आत आणलं, मशीनसमोर उभं केलं आणि बोट दाखवून म्हणाले, "हे."

ऑपरेटर बराच वेळ त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिला. मग आत्याबाईंकडे. मग परत पडद्याकडे. मला वाटलं, आता हा तार कापून आमची लाइट कायमची बंद करणार. मी हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "आता कुठवर आलं?"

"त्रेसष्टपैकी एकोणसाठ."

त्याने खुर्ची ओढली. "इतकं ओढलंय मी. आता बघूनच जातो."

अंगणातली माणसंही आत आली. ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. साठ झालं, एकसष्ट झालं. बासष्टवर फार वेळ लागला, तेव्हा ऑपरेटरने आणलेली केळी सगळ्यांना वाटण्यात आली. त्रेसष्ट झालं. पडदा काळा झाला. कोणीतरी म्हणालं, "गेलं!" आणि मग मशीनने आपली नेहमीची तान मारली, पडदा उजळला आणि सगळ्या ओसरीने टाळ्या वाजवल्या. नवरीचे वडील टाळ्यांनी जागे झाले.

मी पत्रिकेची फाइल उघडली.

श्री गणेशाच्या जागी दोन उलटी प्रश्नचिन्हं होती. खाली सगळी इंग्रजी अक्षरं, पण साधी नाहीत. कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या डोक्यावर दोन ठिपके, कोणाला शेपूट फुटलेलं. माझं मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर, त्याचे अक्षरांचे साचे, सगळं नव्या अपडेटला ओळखीचं वाटेना. मागच्या दोन-तीन वर्षांत केलेल्या शेकडो पत्रिका मी एकामागून एक उघडून बघितल्या. सगळ्या टोपीवाल्या.

मी एक कागद छापला. प्रिंटर मात्र आता उत्तम चालत होता. मामांनी कागद घेतला, दारात जाऊन उभे राहिले, हात लांब केला, तोंड उघडलं आणि मिटलं. "पोरी," ते म्हणाले, "यात माझ्या ओळखीचं कोणीच न्हाई."

नवरीच्या वडिलांनी कागद हातात घेऊन शांतपणे पाहिला. "पाव्हणे शिकलेले हायेत," ते म्हणाले, "पण इतके न्हाई."

ऑपरेटर उठला, हात झटकले आणि म्हणाला, "मी निघतो. पाच मिनिटांत लाइट जाईल." ती गेली, आणि सकाळची भरपाई म्हणून सूर्य मावळेपर्यंत आली नाही.

मेकॅनिकला आठ दिवस सवड नव्हती. सगळ्या तालुक्याचे कंप्युटर त्याच आठवड्यात निळे होऊन उठले होते. लग्न अठरा दिवसांवर. नवरीचे वडील रागावले नाहीत, पण रोज सकाळी येऊन ओसरीत बसायला लागले, आणि त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. गल्लीतल्या प्रत्येकाकडे उपाय होता. गिरणीवाला म्हणाला, मशीनला दोन दिवस उन्हात ठेवा. काकू म्हणाल्या, आधीचं अपडेट काढून त्यांना परत करा. मामा म्हणाले, पत्रिका कशाला, मीच सायकलवर गावोगाव जाऊन वाचून दाखवतो. ते हे मनापासून म्हणाले होते.

मी माझ्या भावाला बोलावलं. तो जालन्याच्या एका कॉलेजात कंप्युटर शिकवायचा आणि गेली दोन वर्षं माझ्या मागे लागला होता, की ही सिस्टीम टाकून फुकटवाली घे. ती जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, तिच्यावर पेंग्विनचं चित्र. तो शनिवारी सीडी घेऊन आला; मालक त्या आठवड्यात परीक्षांमुळे तीर्थपुरीलाच होते. बसल्या बसल्याच म्हणाला, "अक्का, तू गुलामगिरीत राहून राह्यलीस. आपलं मशीन, आणि ते आपल्याला सांगतं की बंद करू नका? हे बिलकुल चालायचं न्हाई."

मला ते पटलं. खरंच, माझ्या ओसरीत मला न विचारता कोणी त्रेसष्ट कामं करत होतं.

त्याने जुनी सिस्टीम तशीच ठेवून बाजूला नवी टाकली. पडद्यावर पेंग्विन आला तेव्हा आत्याबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

"हे बदक कशाला?"

"आत्या, हा पेंग्विन."

"उडतो का?"

"न्हाई."

"मंग दूध देतो?"

भाऊ इंजिनिअर होता. त्याने घाईने पुढच्या बटणावर टिचकी मारली.

एक गोष्ट मात्र मानावी लागेल. त्या सिस्टीमवर सगळं मराठीत होतं. कचऱ्याच्या डब्याखाली 'कचरापेटी' लिहिलेलं बघून मामांना इतका आनंद झाला, की त्यांनी दारात उभं राहून सगळा मेनू गल्लीला वाचून दाखवला. 'प्राधान्ये', 'सहाय्य', 'बाहेर पडा'. बाहेर पडा म्हटल्यावर दारातला एक माणूस दचकून निघून गेला.

पण माझी बोटं टाइपरायटरवर तयार झालेली, आणि त्या सिस्टीमच्या कळा वेगळ्याच. मी 'क' दाबला की 'म' यायचा. आणि प्रिंटर! प्रिंटरला पेंग्विन दिसतच नव्हता. भावाने लाइट होती तेवढा वेळ काळ्या पडद्यावर पांढऱ्या आज्ञा लिहिल्या. तो एकेक आज्ञा लिहायचा आणि वळून प्रिंटरकडे बघायचा, हाक मारून रुसलेल्या मुलाकडे बघावं तसा. संध्याकाळी प्रिंटर अचानक बोलला. त्याने चाळीस पानं काढली, प्रत्येक पानावर एकच स्वल्पविराम.

रविवारी दुपारी अखेर पत्रिका निघाली. मराठी, शुद्ध, सुंदर. फक्त पहिली वेलांटी जिथे तिथे एक घर सरकलेली. ती अक्षरावर बसायच्या ऐवजी हवेत एका टिंबटिंबांच्या गोळ्यावर लटकलेली. मामा वाचायला उभे राहिले. जे लिहिलंय ते वाचायचं हा त्यांचा बाणा, त्यामुळे प्रत्येक वेलांटीपाशी ते थांबून एक उचकी द्यायचे. "शुभ, हिक्, ववाह! हिक्, चरंजीव!" समोरच्या गिरणीतून आवाज आला, "म्हाताऱ्याला पाणी द्या कोणी!"

नवरीचे वडील ओसरीत बसून हे सगळं ऐकत होते. तिसऱ्या उचकीला ते उठले. मला वाटलं, चालले. पण ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा ना."

"तुमाला हातानं लिवता येतं का?"

चार दिवसांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच. दोन परीक्षा पास झाल्यापासून मी किराण्याची यादीसुद्धा टाइप करायची. आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला काय, त्याला ट्रेसिंग पेपरवर काळी अक्षरं हवी. ती मशीनची का माणसाची, त्याला काय करायचं होतं?

मी कपाटातून कट निबचा पेन काढला, काळी शाई आणली आणि ओसरीत मांडी घालून बसले. मामा मजकूर सांगत होते, अगदी हळू, कारण मी त्यांना तंबी दिली होती. भाऊ मागे उभा राहून रेषा सरळ येतात का बघत होता. दोन जागी चुकले, ते ब्लेडने खरवडलं. दीड तासात पत्रिका झाली. वेलांट्या सगळ्या आपापल्या जागी. मामांनी ती दारात उभं राहून वाचली आणि गल्लीत कोणालाही चूक सापडली नाही. नवरीच्या वडिलांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मुलीच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. मग म्हणाले, "हे नाव मशीननं काढलेल्यापेक्षा बरं दिसतं."

पत्रिका वेळेवर छापून आल्या. भावाला मात्र वाईट वाटलं. जाताना तो म्हणाला, "अक्का, मी तुला स्वातंत्र्य द्यायला आलो, आणि तू दौत घेतलीस."

"मंग काय," मी म्हटलं, "हिला अपडेट लागत न्हाई."

आठ दिवसांनी मेकॅनिक आला, त्याने अल्बममधून एक सीडी काढून माझं मराठी परत आणलं आणि पिवळी ढाल बंद करून टाकली. टोपीवाल्या पत्रिका पुन्हा मराठी झाल्या. मी जुन्या सिस्टीमवरच काम करायला लागले, कारण माझी बोटं तिथे राहत होती. त्या सराईत आणखी सहा जणांनी हाताने लिहिलेली पत्रिका मागितली, तीही मी लिहून दिली. मेकॅनिकने विचारलं, "ताई, ही पेंग्विनवाली काढून टाकू का?" मी हो म्हणणार, तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला, "हात लावायचा न्हाई!"

मला माहीतच नव्हतं. भाऊ प्रिंटरची वाट बघत बसला होता तेव्हा वेळ घालवायला त्यात एक खेळ खेळत होता. पेंग्विन खालून रंगीत गोळे मारतो आणि एका रंगाचे तीन जुळले की ते फुटतात. आत्याबाईंनी ते भाजी निवडता निवडता शिकून घेतलं होतं. मी दुपारी आडवी झाले की त्या मशीन बंद करून, दुसऱ्या सिस्टीमवर चालू करून, चष्मा लावून बसायच्या. मेकॅनिकने तालुक्यात कोणालाच दोन सिस्टीममधून अशी बरोबर निवड करताना पाहिलं नव्हतं, असं तो म्हणाला.

पुढच्या वर्षापासून वाटणीच झाली. सकाळी माझी सिस्टीम, दुपारी दोन ते चार त्यांची. एकदा एक गृहस्थ ऐन दुपारी धावत-पळत आले. मुलाचं लग्न आठवड्यावर आलेलं, पत्रिका आजच हवी. मी आत्याबाईंना म्हटलं, जरा उठता का. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "बसा म्हणावं. हे एवढं झालं की देते."

गृहस्थ घाम पुसत बसले. पाच मिनिटं गेली. मग खुर्ची जरा पुढे सरकवली. मग आणखी जरा.

"आजी," ते म्हणाले, "डाव्या अंगाचा हिरवा मारा ना आधी."